कायदेशीर सल्ला जरूर घ्या

इंग्लंडमधल्या हॅदर्सले गावच्या कौन्सिलने, म्हणजे नगरपालिकेने, ग्लेन्डा हॉलरॉइडच्या आजारी मुलापाशी रात्री जागणारी मदतनीस बाई बंद केली आणि तिच्या जागी एक चटई पाठवून दिली.

चटई गादीखाली घालायची. मुलाला फिट आली, अंगाला झटके बसू लागले, की चटईला ते कळतं आणि आईच्या उशाशी ठेवलेली घंटी वाजते. चटई बसवायला आलेला माणूस कौतुकाने म्हणाला, "फार हुशार वस्तू आहे बघा ही."

"हो का?" ग्लेन्डा म्हणाली. "मग फिट आल्यावर त्याला कुशीवर कोण वळवणार? गालात औषध कोण सोडणार? ही?"

त्या माणसाने चटईकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. "ते मला नाही सांगता येणार बाई. मी फक्त बसवतो."

आयव्हर हा ग्लेन्डाचा एकुलता एक मुलगा. वय पंचविशीचं, अंगाने आडदांड, समज तीन वर्षांच्या पोराची. डोक्यावर कायम मऊ हेल्मेट, कारण फिट कधी आणि कुठे पाडेल याचा नेम नाही. कपडे धुण्याचं मशीन फिरताना बघणं ही त्याची जगातली सगळ्यात मोठी चैन. ग्लेन्डाने आयुष्यभर हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम केलं होतं आणि लहानपणी त्याला ती तिथे नेऊन बसवायची. तेव्हापासूनची ही आवड. बाप फिट्सना कंटाळला आणि स्पेनला गेला. तो तिकडे उन्हात बसतो एवढंच ग्लेन्डाला माहीत होतं, आणि त्याहून जास्त तिला जाणूनही घ्यायचं नव्हतं.

रात्री आयव्हरपाशी टेंडाई नावाची झिम्बाब्वेची बाई जागी बसायची. शांत, मजबूत हातांची. आयव्हरला सगळ्यात वाईट फिट्स झोपेतच यायच्या, आणि टेंडाई होती म्हणून तो जिवंत होता, असं डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं. टेंडाई गेली आणि ग्लेन्डाची झोपही तिच्याबरोबर गेली. घंटी वाजली तर उठायचं, आणि नाही वाजली तर ती का वाजली नाही म्हणून उठायचं. एकदा चटईला काही कळलंच नाही. ग्लेन्डा सहज बघायला गेली तर पोराचे ओठ निळे. त्या दिवशी तिने ठरवलं, आता वकील.

घटस्फोटाची सही सोडली तर तिने आयुष्यात वकील पाहिला नव्हता. तिला वाटायचं, वकील म्हणजे प्लंबरसारखा. नळ गळला की बोलवायचा. तिने फोन फिरवायला सुरुवात केली. पहिल्या ठिकाणी म्हणाले, आम्ही घरांच्या खरेदी-विक्रीचंच बघतो. दुसऱ्या ठिकाणची बाई प्रामाणिकपणे हळहळली. म्हणाली, "पूर्वी करायचो हो ही कामं. सरकार जे पैसे देतं त्यात दिव्याचं बिलसुद्धा निघत नाही. सोडून दिली." तिसऱ्याने स्वतःचा तासाचा दर सांगितला, तो ऐकून ग्लेन्डाला हसूच फुटलं. चौथं ऑफिस गावातलं सगळ्यात मोठं, बाजारपेठेच्या तोंडाशी, दारावर पितळी पाटी. तिथला तरुण अगदी गोड आवाजात म्हणाला, "आमची अडचण अशी आहे, मिसेस हॉलरॉइड, की आम्ही कौन्सिलचीच कामं करतो. त्यामुळे त्यांच्याविरुद्ध आम्हाला उभं राहता येत नाही."

"म्हणजे ह्या गावात एकच कामाचा वकील, आणि तोही त्यांनी बांधून ठेवलेला?"

"मी तसं म्हणणार नाही."

"तुम्ही नका म्हणू. मी म्हणते."

मोफत वकिलांच्या सरकारी खात्याने तिला काही नावं दिली. त्यातल्या एका नंबरवर म्हाताऱ्या बाईने फोन उचलला. "माझे मिस्टर वारले, बाळ," ती म्हणाली. "जाऊन दोन वर्षं झाली. तुमच्यासारखे फोन अजून येतात. मी त्या खात्याला कितीदा कळवलं, पण ते नाव काढतच नाहीत." मग तिने विचारलं, "मुलगा कितीचा आहे तुझा?" आणि ग्लेन्डा इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली, ती त्या मेलेल्या वकिलाच्या बायकोपाशी.

बुधवारी मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये घरच्या आजारी माणसांना सांभाळणाऱ्यांची बैठक असायची. पूर्वी तिला कौन्सिलचं अनुदान होतं. ते बंद झाल्यापासून चहा ज्याचा त्याने आणायचा. डेरेक ऑर्मेरॉड यायचा, सत्तरी ओलांडलेला, निवृत्त बस ड्रायव्हर. बरोबर बायको मेव्हिस. मेव्हिसचं एके काळी केस कापायचं दुकान होतं. आता तिला डेरेकचं नावही आठवत नसे, पण कुणाचे केस विस्कटलेले दिसले की ती उठून बोटांनी नीट करायची. आणि नुझत यायची, डबा भरून पकोडे घेऊन. नुझत आणि तिचा नवरा बशीर यांचं कापडाचं दुकान होतं. बशीरला लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. फक्त 'अच्छा' हा एक शब्द उरला. हो म्हणायलाही 'अच्छा', रागावलं तरी 'अच्छा'. नुझतला त्यातला फरक बरोबर कळायचा.

ग्लेन्डाने तिथे आपली कहाणी सांगितली. डेरेकने चहाचा कप खाली ठेवला. "आमचे ते दोन आठवडे बंद केले. वर्षातून दोनदा कौन्सिलवाले मेव्हिसला आठवडाभर ठेवून घ्यायचे, मी जरा पाठ टेकायचो. आता म्हणतात, गरज सिद्ध झाली नाही."

"आमच्याकडे दोन माणसं यायची अंघोळीला," नुझत म्हणाली. "आता एकच. बशीर केवढा आहे बघितलायत ना? लग्नात माझ्या आईने विचारलं होतं, एकच नवरा आहे की दोन? तर ती मदतनीस पोरगी येते, त्याच्याकडे बघते, माझ्याकडे बघते, आणि म्हणते, बाई, तुम्ही धरता का जरा?"

सगळे हसले.

ग्लेन्डाने कौन्सिलकडे भेटीची वेळ मागितली. खूप मागे लागल्यावर ती मिळाली. आयव्हरच्या प्रकरणाचा साहेब होता ट्रँटर नावाचा. चाळिशीचा, नीटनेटका, आवाज कधीही न चढवणारा. ग्लेन्डाने निळ्या ओठांचं सांगितलं. तो मान हलवत ऐकत राहिला.

"हे तुमच्यासाठी किती कठीण आहे याची मला कल्पना आहे," तो म्हणाला.

"कल्पना नको. टेंडाई द्या."

"आमच्या मते चटई पुरेशी आहे. तुम्हाला निर्णय मान्य नसेल, तर तुम्ही कायदेशीर सल्ला जरूर घ्या. तो तुमचा हक्क आहे."

हे म्हणताना तो किंचित हसला. फार नाही, ओठाच्या एका कोपऱ्यात. पण ते पाहून ग्लेन्डाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ह्याला माहीत आहे. ह्या सगळ्या जिल्ह्यात आपल्याला वकील मिळणार नाही, हे ह्या माणसाला आपल्या आधीपासून माहीत आहे. तहानलेल्याला कोरडी विहीर दाखवायची आणि वर म्हणायचं, पाणी पिणं तुमचा हक्क आहे.

"ह्या इमारतीत तुमचे वकील कितव्या मजल्यावर बसतात?" तिने विचारलं.

"तिसऱ्या. का?"

"आख्खा मजला?"

ट्रँटरने घड्याळाकडे पाहिलं.

बाहेर येऊन ती बसथांब्यावर बसली. त्या मजल्यावरच्या दिव्यांना, खुर्च्यांना, कॉफीलाही आपल्या घरपट्टीतले पैसे गेलेत, हे तिच्या डोक्यातून जाईना. म्हणजे आपल्याच पैशाने आपल्याच पोराविरुद्ध वकील. आणि पोराच्या बाजूने कोण, तर गादीखालची चटई.

शेवटी वकील शोधून काढला नुझतने. तिने गावं वाटून दिली होती: डेरेककडे उत्तरेची, ग्लेन्डाकडे किनाऱ्याकडची, स्वतःकडे लीड्स शहर. ती रोज दुकानदाराच्या चिकाटीने फोन करायची. कुणी नाही म्हटलं की विचारायची, "बरं, तुम्ही नाही तर कोण? नाव सांगा, मी ठेवते फोन." असं करत करत ती फिलिपा कीन नावाच्या बाईपर्यंत पोचली.

तिघंही लीड्सला गेले. आयव्हर आणि बशीर शेजाऱ्यांच्या भरवशावर; मेव्हिस मात्र बरोबर, कारण तिला ठेवायला कुणी नव्हतं. फिलिपा कीन ही पन्नाशीची, बारीक, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. टेबलावर अर्धं खाल्लेलं सँडविच. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिन्ही प्रकरणांत कौन्सिल चूक आहे. उघड उघड चूक. पण मी तुमच्यातलं एकच घेऊ शकते."

"एकच म्हणजे?" डेरेकने विचारलं.

"आमच्याकडे हे काम करणाऱ्या तिघी होत्या. एक आजारी पडली, एक सोडून गेली. ह्या भागात आता मी एकटी. माझ्याकडे जागा आहे ती एकाची. मी खोटं बोलून तुमच्या तिघांची वाट लावणार नाही."

मेव्हिस उठली आणि फिलिपाच्या कपाळावरची बट मागे सारू लागली. फिलिपाने तिला सारू दिली.

"मेव्हिसचं नाही होणार," डेरेक म्हणाला. "तिच्या नावावर तिच्या बहिणीने ठेवलेले पैसे आहेत. मोफत वकील नाही मिळत, मी विचारलंय. ह्या पोरींमधलं ठरवा."

ग्लेन्डा आणि नुझत एकमेकींकडे बघेनात. ग्लेन्डाला आयव्हरसाठी ओरडावंसं वाटत होतं, आणि त्याचीच लाजही वाटत होती. दोन उपाशी बायकांना एका भाकरीसाठी भांडायला लावावं तसं हे होतं. आणि भाकरी लपवून बसलेला माणूस तिकडे हॅदर्सलेत नीट इस्त्रीच्या शर्टात जेवत असणार.

"आयव्हरचं घ्या," नुझत म्हणाली.

"नुझत, ऐक—"

"तू ऐक. बशीरला अंघोळ नाही मिळाली तर तो मळेल. आयव्हरला बाई नाही मिळाली तर तो मरेल. एवढा हिशेब मला कळतो. पण एक सांगते," ती फिलिपाकडे वळली आणि तिचा आवाज एकदम चिरला, "हा हिशेब मला करायला लावला ना, ते मी त्यांना कधी माफ करणार नाही."

फिलिपाने कौन्सिलला पत्र धाडलं. आठवडाही झाला नाही तोच ट्रँटरचा फोन. आयव्हरच्या गरजांचा पुन्हा विचार झाला होता. टेंडाई सोमवारपासून येईल.

ग्लेन्डाने आधी आयव्हरला मिठी मारली. मग खुर्चीत बसली, आणि बसल्या बसल्या तिला राग चढत गेला. म्हणजे हे होण्यासारखंच होतं? एका पत्राने? मग इतके महिने ते पोर निळं पडत होतं ते कशासाठी? तिने फिलिपाला फोन लावला.

"मला नको ते," ती म्हणाली. "म्हणजे टेंडाई हवी. पण खटला चालवा. कोर्टात उभं करा त्यांना. म्हणजे नुझतला, डेरेकला सगळ्यांना मिळेल."

पलीकडून फिलिपाचा सुस्कारा ऐकू आला. "नाही चालवता येत, ग्लेन्डा. आयव्हरने जे मागितलं ते त्याला मिळालं. आता कोर्ट म्हणेल, भांडण संपलं, घरी जा. ते दर वेळी हेच करतात. शंभर जणांचं तोडायचं, वकील आणील त्या एकाचं गुपचूप जोडायचं. निकाल कधी लागूच द्यायचा नाही."

"मग आता नुझतचं घ्या. तुमची जागा रिकामी झाली ना?"

"झाली होती," फिलिपा म्हणाली. "काल एका बाईला दोन मुलांसकट रस्त्यावर काढलं, तिचं घेतलं. मी काय करू?"

नुझतने मग आयव्हरच्या पत्रासारखंच पत्र स्वतः लिहिलं, नाव बदलून. डेरेकनेही लिहिलं. दोघांना उत्तर आलं: प्रत्येक व्यक्तीची परिस्थिती वेगळी असते. खाली ट्रँटरची सही, आणि सल्ला घेण्याचा तोच सल्ला.

मार्चच्या सुरुवातीला नुझत बशीरला न्हाणीतल्या खुर्चीवरून उठवत होती. मदतनीस पोरगी आली नव्हती. तिची गाडी बंद पडली होती. बशीरचा पाय घसरला. नुझतने त्याला सोडलं नाही. सोडलं असतं तर त्याचं डोकं नळावर आपटलं असतं. ती त्याच्याखाली आली आणि तिचा खांदा मोडला. शेजारच्यांनी हाका ऐकेपर्यंत दोघं ओल्या फरशीवर तशीच पडून होती. बशीर तिच्या कानाशी 'अच्छा, अच्छा' म्हणत होता, आणि तो रडतोय हे तिला कळत होतं, पण त्याचे डोळे पुसायला तिचा हात हलत नव्हता.

हॉस्पिटलात ग्लेन्डा भेटायला गेली. "फिलिपाकडची ती जागा तुझी होती," एवढंच ती म्हणाली.

"गप्प बैस," नुझत म्हणाली. "माझ्यावर उपकार कर आणि असलं काही बोलू नकोस. तुला अपराधी वाटायला लागलं म्हणजे ते सुटले. ट्रँटरला वाटू दे अपराधी."

नुझत घरी आली, हात झोळीत बांधून; बशीरलाही तिच्याबरोबरच घरी सोडलं. मग कौन्सिलला जाग आली. ट्रँटर स्वतः येणार, असा निरोप आला. नुझतने सगळ्यांना बोलावून घेतलं: "मी एकटी त्याच्यासमोर बसले तर चहा त्याच्या अंगावर ओतीन. तुम्ही असलात तर निदान विचार करीन."

त्या सकाळी ग्लेन्डा आयव्हरला घेऊन पोचली, पाठोपाठ डेरेक आणि मेव्हिस. घरात शिरताच वास आला. मदतनीस त्या दिवशीही आली नव्हती. बशीर पहाटेपासून खुर्चीत बसून होता, पायांवर शाल, मान खाली. तो कुणाकडे बघत नव्हता. नुझत एका हाताने खिडकी उघडायचा प्रयत्न करत होती. आयव्हर सरळ स्वयंपाकघरात मशीनपुढे जाऊन बसला. नुझतने त्याच्यासाठी चादरी लावून ठेवल्या होत्या.

ट्रँटर आला. दारातच त्याच्या नाकपुड्या आक्रसल्या. तो खिडकीजवळची खुर्ची निवडून बसला आणि म्हणाला, "परिस्थिती लक्षात घेता, मिस्टर बशीरना एका चांगल्या निवासात हलवणं योग्य ठरेल. जागा आहे, पण जरा दूर. गाडीने तीनेक तास."

"मी गाडी चालवत नाही," नुझत म्हणाली. "आणि आता हा हातही चालत नाही. म्हणजे मी नवऱ्याला भेटायचं कधी, ईदला?"

"घरी त्यांची काळजी सुरक्षितपणे घेणं शक्य नाही, हे आता दिसलंच आहे."

"दोन माणसं होती तोवर शक्य होतं!" ग्लेन्डा ओरडली. "एक तुम्ही काढलंत! आधी शिडी काढायची आणि मग म्हणायचं, ह्याला चढता येत नाही!"

"आवाज चढवून काही साध्य होणार नाही, मिसेस हॉलरॉइड."

तेवढ्यात बशीर म्हणाला, "अच्छा." अगदी हळू. नुझत त्याच्याकडे वळली. तिचा चेहरा बदलला. "तो म्हणतोय, आधी मला धुवा," ती म्हणाली. "परक्या माणसासमोर असं बसवत नाहीये त्याला."

ग्लेन्डाने बाह्या सरसावल्या आणि थांबली. बशीर परक्या बाईला जवळ येऊ द्यायचा नाही. ती मदतनीस पोरगीसुद्धा नुझत पुढे असल्याशिवाय हात लावत नसे. डेरेक होता, पण एकट्या डेरेकच्याने ते वजन उचललं जाणार नव्हतं. ग्लेन्डाने ट्रँटरकडे पाहिलं.

"कोट काढा," ती म्हणाली.

"काय?"

"कोट काढा आणि चला. डेरेक एकीकडून धरील, तुम्ही दुसरीकडून."

ट्रँटर उभा राहिला. "हे पहा, मला ह्या कामाचं प्रशिक्षण नाही. काही झालं तर विमा—"

"मलाही नव्हतं," नुझत म्हणाली.

ट्रँटरने दाराकडे पाहिलं. दारात मेव्हिस उभी होती. ती पुढे आली, तिने त्याच्या कपाळावरचे केस नीट केले आणि त्याच्याकडे बघून हसली. काय झालं कोण जाणे, ट्रँटरने कोट काढला.

नुझतने नवऱ्याला विचारलं, "हा माणूस धरणार आहे. चालेल?" बशीरने ट्रँटरकडे बराच वेळ पाहिलं. "अच्छा," तो म्हणाला.

ग्लेन्डा न्हाणीच्या बाहेर थांबली. दार पुरतं लागत नव्हतं. आतून नुझतचा आवाज येत होता: "तिथे नाही, काखेखालून धरा. पाय अडवा त्याचा. तुमचा पाय त्याच्या पायाला लावा. लाजू नका, चिकटून उभे राहा." मग धापा. मग पाणी. मग पुन्हा नुझत: "टॉवेल ठेवा अंगावर. माणूस आहे तो."

बराच वेळ लागला. एकदा बशीर कलला आणि ट्रँटर "देवा!" म्हणून ओरडला. डेरेकने त्याला धीर दिला, "सोडू नका. तिनेही सोडलं नव्हतं." स्वयंपाकघरात मशीन जोरात फिरू लागलं आणि आयव्हर आनंदाने टाळ्या पिटू लागला.

मग डेरेकचा आवाज आला, सहज विचारावं तसा. "एक सांगा हो साहेब. ग्लेन्डाच्या पोराचं आठवड्यात झालं. ह्यांचं का नाही झालं?"

पाणी वाहत होतं. ट्रँटर दमलेला होता, आवाजातला सगळा इस्त्रीचा कडकपणा गेला होता. "तिच्याकडे वकील होता," तो म्हणाला.

"मग?"

"वरून तसं सांगितलंय. वकिलाचं पत्र आलं, तर द्यायचं. नाही आलं, तर द्यायचं नाही. बहुतेक लोक नाद सोडतात."

कुणीतरी नळ बंद केला.

"नाद नाही सोडत," डेरेक म्हणाला. "थकतात. मरतात. तुमच्याकडे त्यालाही नाद सोडणंच म्हणत असतील."

ट्रँटर बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट छातीपर्यंत भिजला होता, एका बाहीला घाण लागली होती. ग्लेन्डा दारातच उभी होती. तिने ऐकलंय हे त्याला कळलं. कोट हातात घेऊन तो तसाच निघून गेला. ग्लेन्डाला वाटलं होतं, त्याला असं भिजलेला पाहून आपल्याला समाधान होईल. झालं नाही. उलट राग आणखी थंड, आणखी कठीण होऊन बसला. म्हणजे ह्यात चूक नव्हती, गैरसमज नव्हता, कामाचा ढीगही नव्हता. हे ठरवून होतं. आयव्हरचे निळे ओठ कुणीतरी बैठकीत, कॉफी पीत, मंजूर केले होते.

तिने नुझतच्या स्वयंपाकघरातूनच फिलिपाला फोन लावला.

"पुन्हा सांगा," फिलिपा म्हणाली. "तो जसं बोलला तसं. तुमच्याकडचं काही घालू नका." ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "किती जणांनी ऐकलं?"

"तिघांनी. बशीर धरला तर चौघांनी."

"बशीरला धरा," फिलिपा म्हणाली. "हे आता एकट्याचं भांडण नाही. असा नियमच मुळात बेकायदा आहे. बशीरला सगळं परत दिलं तरी हा नियम उरतो, तेव्हा ह्या वेळी कोर्टाला घरी जा म्हणता येणार नाही."

"पण तुमच्याकडे जागा?"

"नाही. सँडविच खायचं बंद करीन."

फिलिपाने बशीरच्या नावाने खटला भरला. कौन्सिलच्या तिसऱ्या मजल्याने, म्हणजे वकिलांनी, आधी बशीरची दोन्ही माणसं ताबडतोब परत दिली आणि प्रकरण मिटल्याचं कळवलं. फिलिपाने मिटवलं नाही. मग त्यांनी असं काही बोलणं झालंच नाही, असं लेखी दिलं. साक्षीदारांपैकी एक बाई भडक डोक्याची, एक म्हातारा, एकीला स्वतःचाच फायदा, असंही लिहिलं. 'भडक डोक्याची' हे वाचून ग्लेन्डा म्हणाली, "एवढं एकच खरं लिहिलंय मेल्यांनी." न्यायाधीशबाईंनी सगळं वाचलं आणि सांगितलं, मिस्टर ट्रँटर यांनी स्वतः शपथेवर सांगावं, ते असं बोलले की नाही.

त्या साक्षीच्या आदल्या दुपारी कौन्सिलने हात टेकले. गेल्या दोन वर्षांत ज्यांची ज्यांची मदत तोडली, त्या सगळ्यांची प्रकरणं पुन्हा तपासू, असं त्यांनी कोर्टाला लिहून दिलं. ट्रँटर शपथेवर खोटं बोलणार होता की खरं, हे कुणाला कधीच कळलं नाही. तो त्यानंतर त्या इमारतीत दिसला नाही.

गावातल्या किती घरांत मग माणसं परत आली! डेरेकला त्याचे दोन आठवडे मिळाले. पहिल्याच दिवशी तो घरी झोपायला गेला आणि मेव्हिसशिवाय झोप येईना म्हणून संध्याकाळी तिला भेटायला हजर. चर्चच्या हॉलमध्ये लोक आले, ज्यांना ह्यांनी कधी पाहिलं नव्हतं. एका बाईचा भाऊ मधल्या काळात वारला होता. त्याचं प्रकरणही पुन्हा तपासलं गेलं आणि मदत मंजूर झाल्याचं तिला कळवण्यात आलं. ती ते सांगताना रडत नव्हती. ती फक्त प्रत्येकाला विचारत होती, आता ह्या मंजुरीचं मी काय करू?

कौन्सिलने वर्तमानपत्रात निवेदन दिलं. त्यात सुधारणा हा शब्द होता, शिकण्यासारखं पुष्कळ होतं असंही होतं. माफी हा शब्द नव्हता.

नुझतचा खांदा जुळला, पण हात कानाच्या वर जाईना. दुकानात वरच्या फळीवरून कापडाचा तागा सर्रकन ओढायची तिची लकब गेली. एका सोमवारी तिने चांगला कोट घातला, ओठांना रंग लावला आणि ग्लेन्डाला घेऊन कौन्सिलच्या इमारतीत गेली. समोर बसलेल्या मुलीला म्हणाली, "मला माफी हवी आहे."

मुलगी गोंधळली. "कशाबद्दल? कोणत्या खात्याकडून?"

"ते तुम्ही आपसात ठरवा. कुणीही एक जण खाली या, माझ्या घरी चला आणि माझ्या नवऱ्याच्या तोंडावर म्हणा, आम्ही चुकलो. तो 'अच्छा' म्हणेल. मग मी जाईन."

मुलीने वर फोन केला. बराच वेळ बोलली. मग म्हणाली, "सध्या कुणी उपलब्ध नाही."

"मग आम्ही बसतो," ग्लेन्डा म्हणाली.

त्या दोघी संध्याकाळी इमारत बंद होईपर्यंत बसल्या. पुढच्या सोमवारी पुन्हा गेल्या, तेव्हा बरोबर डेरेक आणि मेव्हिस होते, आणि भाऊ वारलेली ती बाईही. येणारे-जाणारे साहेब जिन्याकडे बघत भरभर निघून जायचे. त्यातल्या कुणाचे केस विस्कटलेले असले तर मेव्हिस उठायची, आणि त्याला थांबावंच लागायचं. तो थांबला की नुझत विचारायची, "माफी मागायला तुम्ही आलात का?"

अजून कुणी हो म्हटलेलं नाही. त्या अजून जातात.